घरभेटी आधी की जाहीर हिशेब?

वसईकडच्या धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) नव्याने आलेल्या फादरांना पडणारा हा प्रश्न: लोकांचा विश्वास मिळवायला आधी काय करावं? १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, दोन्ही आहेत: कलम ५२९ कुटुंबांना भेटायला सांगतं, कलम १२८७ दानाचा हिशेब भाविकांपुढे मांडायला.

वेळेच्या दृष्टीने हिशेब स्वस्त. वित्त समिती हाताशी असते. घरभेटींत संध्याकाळ संपते. पण अंथरुणाला खिळलेले, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येणं सोडलेले, रुसलेले लोक तिथेच भेटतात. नोटीस बोर्ड त्यांच्यापर्यंत जात नाही. फक्त ठरावीक घरीच चहा झाला, की कुजबुज सुरू! टिकण्याचं म्हणाल, तर बदलीबरोबर नातं जातं, हिशेबाची सवय मागे उरते.

पैशावरून कुरबुर असेल तिथे आधी हिशेब. नुसता दुरावा असेल, तर घरभेटी.