फुकट वाटलेल्या कवितांचे सहाशे डॉलर

साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोचे कागद, म्हणजे पत्रकं, कवितांच्या पुस्तिका, मैफलींची पोस्टरं, आता चांगल्या भावाने विकले जातात आणि त्यांत खोटा माल भरपूर आहे. अशाच एका गठ्ठ्याला मी सहाशे डॉलर मोजले. ते परत मिळालेले नाहीत. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण त्याने सांगितलेलं नाव त्याचं स्वतःचं असेल असं मला वाटत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते. नाव एका रात्रीत बदलता येतं, पद्धत बदलायला वेळ लागतो.

आधी माल काय होता ते. १९६६ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात 'डिगर्स' नावाचा गट उभा राहिला. एमेट ग्रोगन, पीटर बर्ग, पीटर कोयोट ही त्यातली ठळक नावं. 'सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप' या नाटकमंडळीतून आलेली. गटाचं नाव घेतलं १६४९ साली इंग्लंडात सामाईक जमीन कसायला निघालेल्या डिगर्सवरून. यांचा खाक्या एकच, सगळं फुकट. पॅनहँडल बागेत दुपारी चारला फुकट जेवण, ज्याला जे हवं ते उचलून न्यावं असं फुकट दुकान, आणि फुकट छापील कागद. हे कागद छापायची 'कम्युनिकेशन कंपनी'. चेस्टर अँडरसन आणि क्लॉड हेवर्ड यांनी १९६७ च्या सुरुवातीला गेस्टेटनर यंत्रावर ती सुरू केली. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्या स्टेन्सिलवर निघायच्या, तेच तंत्र. रस्त्यावर काही घडलं की काही तासांत पत्रक हातात.

याच कंपनीने १९६७ मध्ये तिथलाच कवी रिचर्ड ब्रॉटिगन याची 'ऑल वॉच्ड ओव्हर बाय मशीन्स ऑफ लव्हिंग ग्रेस' ही कवितांची पुस्तिका काढली. प्रती १५००, सगळ्या फुकट वाटलेल्या. आत एक परवानगीही छापलेली आहे : या कविता कुणीही पुन्हा छापाव्यात, पण छापलेलं फुकट द्यावं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मला या कागदांची ओढ मराठीतून लागली. पन्नाशीच्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचं 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच निघायचं. पुढे १९६२ मध्ये अमेरिकी कवी ॲलन गिन्सबर्ग मुंबईत येऊन गेला. जगाच्या दोन टोकांना तरुण कवी त्याच जातीच्या यंत्राचं हँडल फिरवत होते, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते. नोकरीमुळे बे एरियात राहायला आल्यावर हे कागद प्रत्यक्ष दिसू लागले आणि जमेल तसे घेत गेले.

जुन्या कागदांच्या खरेदी-विक्रीच्या एका ऑनलाइन ठिकाणी हा गठ्ठा दिसला : ब्रॉटिगनची पुस्तिका, डिगर्सची काही पत्रकं आणि 'हिप्पीच्या मृत्यू'ची शोकपत्रिका. या शोकपत्रिकेबद्दल सांगायलाच हवं. १९६७ च्या उन्हाळ्यात हेट-ॲशबरीत पोरांचे लोंढे आले, वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने हिप्पीचा बाजार मांडला. त्याला वैतागून तिथल्याच लोकांनी ६ ऑक्टोबरला हिप्पीची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. पत्रिकेत मयताचा उल्लेख 'प्रसारमाध्यमांचा एकनिष्ठ पुत्र' अशा थाटात, आणि आप्तेष्टांना सूर्योदयाला ब्युएना व्हिस्टा पार्कात जमण्याचं निमंत्रण. असा कागद हातात यावा असं कुणाला वाटणार नाही?

विक्रेत्याने फोनवर गोष्ट सांगितली. त्याचा काका डिगर्सच्या फुकट दुकानात काम करायचा, पुस्तिका खुद्द ब्रॉटिगनने हेट स्ट्रीटवर त्याच्या हातात ठेवली, काका नुकताच वारला, घर रिकामं करायचं आहे. सोबत काकांचा तरुणपणीचा फोटो, लांब केस, हातात वाडगा. भावही बेताचा लावलेला. फार स्वस्त लावला असता तर शंका आली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

खरी कसब पुढे आहे, आणि माझा सगळा राग तिथेच आहे. मी विचारलं, कुठल्या जाणकार पुस्तकविक्रेत्याने हे पाहिलंय का? तर म्हणाला, "काकांनी आयुष्यभर असल्या दलालांचा तिरस्कार केला. ज्यांनी फुकट वाटलं त्यांच्या कागदावर दुकानदाराचा शिक्का मारून घेऊ?" मी म्हटलं, पैसे क्रेडिट कार्डाने देते. तर कार्डवाल्या कंपन्या म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ही माणसं उभी राहिली तीच व्यवस्था. त्यांना टक्केवारी कशाला? मित्र-नातेवाइकांना पाठवतात तसे थेट पाठव. प्रत्यक्ष येऊन बघते म्हटलं, तर घर ओरेगनच्या सीमेजवळ आणि "आपल्या लोकांत विश्वास असतो ना?" एकेक तपासणी त्याने तत्त्वाच्या नावाखाली बाजूला सारली. नकली घड्याळ विकणारा तुम्हाला लोभ दाखवतो. हा आदर्श दाखवतो, आणि पावती मागणं हाच हलकटपणा वाटायला लावतो. डिगर्सनी व्यवहार मोडीत काढला तो देण्यासाठी. याने तीच भाषा घेण्यासाठी वापरली.

पार्सल आलं. दिसायला सुरेख. पिवळट कागद, जुन्या कपाटाचा वास, डाव्या कोपऱ्यात स्टेपलच्या गंजाचा तांबूस डाग. वास कसा आणला कोण जाणे, पण तो खास होता.

डाग आधी खटकला. गंज कागदात मुरतो, पान उलटलं तर मागेही उमटतो. इथे मागची बाजू स्वच्छ. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तर तो डाग म्हणजे पिवळ्या, किरमिजी आणि काळ्या ठिपक्यांची दाटी निघाली. गंज छापलेला होता! वर ठोकलेली स्टेपल तर डागापासून जवळजवळ अर्धा सेंटीमीटर लांब. मग अक्षरं पाहिली. स्टेन्सिलच्या छपाईत शाई कागदाच्या तंतूंत शिरते, कडा किंचित पसरतात, टाइपरायटरने कापलेल्या 'ओ'चा मधला भाग बऱ्याचदा निघून जातो आणि अक्षर भरल्यासारखं दिसतं. माझ्या प्रतीत भरलेले 'ओ' होते, कारण मूळ प्रतीवरून स्कॅन केलेलं. पण शाई कागदावर बसलेली, तिरप्या उजेडात चकाकणारी, म्हणजे लेझर प्रिंटरची पूड. शोकपत्रिकेवरची घडीसुद्धा छापील. बोट फिरवलं तर कागद सपाट.

शेवटचा पुरावा निळ्या एलईडीखाली मिळाला. बरेच रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे फिकट पिवळे ठिपके टाकतात, त्यांत यंत्राचा क्रमांक आणि छपाईची वेळ दडलेली असू शकते. निळ्या उजेडात ते काळपट दिसतात. २००५ मध्ये एका प्रिंटरचे हे ठिपके उलगडून दाखवले ते इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने. ही संस्था १९९० मध्ये स्थापन करणाऱ्यांपैकी जॉन पेरी बार्लो हा ग्रेटफुल डेड या तिथल्या रॉक बँडसाठी गाणी लिहिणारा, म्हणजे हेट-ॲशबरीच्याच गणगोतातला. 'काकां'च्या १९६७ च्या पुस्तिकेवर हे ठिपके पानभर ओळीने होते.

तरी खात्रीसाठी बर्कलीला बँक्रॉफ्ट ग्रंथालयात गेले. चेस्टर अँडरसनचे कागद तिथे जतन केलेले आहेत, ब्रॉटिगनचेही. आधी नोंदणी करून कुणालाही बघता येतात, पैसे लागत नाहीत. खरं पत्रक एकदा हातात धरलं की पुढे फसवणं अवघड आहे : शाईचा दाब पानागणिक कमीजास्त, आणि वरच्या पानाच्या पाठीवर खालच्या पानाची ओली शाई पुसट उमटलेली. माझ्या गठ्ठ्यात प्रत्येक पान सारखंच शहाणं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर वाचून मी खरंच हसले. म्हणे पुस्तिकेतच लिहिलंय की पुन्हा छापायला परवानगी आहे, मग तक्रार कसली? मी लिहिलं, पुढचं वाक्यही वाच, फुकट द्यायचं आहे. तेव्हा माझे सहाशे डॉलर परत कर आणि पुस्तिका मी ठेवते. त्यानंतर उत्तर नाही, खातंही गायब. काकांचा फोटो टाकून इंटरनेटवर शोध घेतला तर एका जुन्या लिलावाच्या यादीत सापडला, दुसऱ्याच कुणाचा म्हणून.

पैसे ज्या मार्गाने पाठवले होते त्याला खरेदीचं संरक्षणच नसतं, त्यामुळे तिथे दाद नाही. विक्रेता नेमका तोच मार्ग का धरून बसला होता ते उघड आहे. क्रेडिट कार्ड असतं तर आक्षेप नोंदवता आला असता. एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे तक्रार केली आहे. माल टपालाने आला असल्याने अमेरिकी टपाल खात्याच्या तपास विभागाकडेही केली. पार्सलचं वेष्टन, शिक्का, नोंद क्रमांक टाकून देऊ नका, तिथे तेच विचारतात. यापुढे मोठी खरेदी करायची तर पुरातन पुस्तकविक्रेत्यांच्या एबीएए या १९४९ पासूनच्या संघटनेतल्या सभासदाकडूनच. तिथे माल सांगितल्याप्रमाणे नसेल तर परत घ्यावा लागतो. दोन पैसे जास्त जातात, जाऊ देत.

पोस्टरं घेणाऱ्यांसाठी एवढंच : ॲव्हलॉन बॉलरूम या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मैफलींच्या सभागृहाचं ग्रेटफुल डेडचं 'सांगाडा आणि गुलाब' पोस्टर, १९६६ चं, माउस आणि केली या चित्रकारांचं, अनेक वेळा छापलं गेलं आहे आणि चोरून छापलेल्या प्रतीही जुन्याच आहेत. तेव्हा नुसता कागद जुना दिसतो म्हणून पहिली आवृत्ती समजू नका.

आमच्या वाचनगटातल्या एका ताईंनी कालच मला एक दुवा पाठवला, "हे घेऊ का गं?" म्हणून. विक्रेत्याचं नाव वेगळं, काकाच्या जागी आता मावशी आहे, भाव साडेसातशे. पुस्तिकेच्या फोटोत डाव्या कोपऱ्यातला गंजाचा डाग मात्र हुबेहूब माझ्या प्रतीवरचा, खालच्या बाजूला बारीक शेपूट असलेला. तो दिसला तर पैसे पाठवू नका, फोटो काढून तक्रारीला जोडा.