जीसीसीचा ‘मिस्ड’ रिपोर्ट: आंब्याच्या मोसमभर वापरल्यावर

देवगडच्या आमच्या पॅकिंग शेडमध्ये हापूसच्या सालीवरचे डाग कॅमेऱ्याने तपासतो. प्रोग्रॅम सी मधला, रास्पबेरी पाय ४ वर, ६४ बिटी सिस्टिम, कंपायलर जीसीसी १२. एप्रिलमध्ये पट्ट्यावर फळांची रीघ लागते, म्हणून यंदा बिल्ड करताना ‘एफऑप्ट-इन्फो-व्हेक-मिस्ड’ हा फ्लॅग कायम चालू ठेवला. कुठला लूप व्हेक्टराइज झाला नाही, म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे हाताळणारा बनला नाही, ते तो ओळ क्रमांकासकट सांगतो.

ओ-२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर विसंबू नका. जीसीसी १२ पासून तिथेही व्हेक्टरायझेशन आहे, पण फार हात राखून. त्यावरची पातळी ओ-३ लावाच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका संदेशाने: ‘नंबर ऑफ इटरेशन्स कॅनॉट बी कम्प्युटेड’. लूप साधा होता, डागांचा मास्क (कुठल्या पिक्सेलवर डाग आहे त्याची नोंद) लिहिणारा. स्तंभ शून्यापासून चित्राच्या रुंदीपर्यंत, आणि रुंदी स्ट्रक्टमधून वाचलेली. पण मास्क बाइटचा, आणि बाइटच्या पॉइंटरने केलेलं लिखाण मेमरीत कुठेही पडू शकतं असं सी मध्ये धरावं लागतं, अगदी त्या रुंदीवरसुद्धा. म्हणून कंपायलर दर फेरीला रुंदी नव्याने वाचत होता. लूपआधी ती लोकल व्हेरिएबलमध्ये घेतली, पॉइंटरना रिस्ट्रिक्ट लावलं (म्हणजे ते एकमेकांच्या मेमरीत लिहीत नाहीत, अशी कंपायलरला हमी), आणि एका दमात १६ बाइट सरकू लागले. असेंब्लीत ते बघताना मन भरून आलं.

इंडेक्सचंही तसंच. रांग गुणिले रुंदी अधिक स्तंभ हा हिशेब ३२ बिटी अनसाइन्डमध्ये, म्हणजे ऋण आकडे नसलेल्या टाइपमध्ये होता. तो आकडा भरला की शून्यावर परततो, हा भाषेचाच नियम. त्यामुळे पुढचा पिक्सेल शेजारच्याच पत्त्यावर असेल याची खात्री उरत नाही. साइज-टी हा इथला ६४ बिटी टाइप केल्यावर अडचण गेली. साइन्ड इंटनेही भागतं, कारण त्याचा ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड आहे, म्हणजे तो होतच नाही असं कंपायलर धरू शकतो.

भागाकारात मात्र अनसाइन्डच बरं. दुसऱ्या फंक्शनमधून आलेली बेरीज २५६ ने भागायची, तर साइन्डमध्ये ऋण आकड्यासाठी शिफ्टआधी दुरुस्ती घालावी लागते. बेरीज ऋण नसतेच, हे आपल्याला ठाऊक. कंपायलरला ते टाइपमधूनच कळणार.

तक्रार एकच, रिपोर्ट भयंकर लांब येतो. आपल्या फाइलच्या ओळी ग्रेप या शोधाच्या कमांडने गाळूनच वाचा.

रंगाच्या तक्त्यात पिक्सेलची किंमत इंडेक्स म्हणून वापरणारा लूप अजून अडलेला आहे. विखुरलेल्या पत्त्यांवरून एकदम वाचायची सोय निऑनमध्ये (पायच्या प्रोसेसरच्या व्हेक्टर सूचनांत) नाही, तिथे टाइप बदलून उपयोग नाही. पुढच्या मोसमाआधी तक्ता काढून थेट सूत्र बसवणार आहे.