कुणकेश्वर की अंबरनाथ?

कोकणात एकच शिवमंदिर पाहायचं, तर कोणतं? वास्तुकलेसाठी अंबरनाथ, यात शंका नाही. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख, शिलाहार राजांचं काम, भूमिज शैली, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी रचण्याची पद्धत. भिंतीचा हातभर तुकडा पाहा, मूर्तीवर मूर्ती. गाभाऱ्यात तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, काळोखात पायाला गार दगड लागतो. शिखर मात्र अपुरं, ते पाहून जीव तुटतो.

देवगडचं कुणकेश्वर वेगळं. कोरीव काम अंबरनाथइतकं नाही, पण पायाशी समुद्र आहे! महाशिवरात्रीला गावोगावच्या देवांच्या पालख्या तीर्थस्नानाला येतात. लाटांच्या आवाजात ढोल मिसळतो. माझं मन तिथेच रमतं, पण पहिल्यांदा निघालात तर अंबरनाथ गाठा.