पोराचा दात वाचला, विश्रामबागच्या दातांच्या दवाखान्याचा अनुभव

आमचा धाकटा 8 वर्षांचा, आमराईत सायकलवरून पडला आणि पुढचा वरचा पक्का दात अर्धा तुटला, महिन्याभरात हिरडीवर पुळी आली. पहिल्या ठिकाणी सरळ म्हणाले काढून टाका, माझं तर डोकंच चालेना. मग शेजारच्या वहिनींनी विश्रामबागच्या लहान मुलांच्या डेंटिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी एक्स-रे लाईटवर धरून दाखवलं, मूळ अजून पुरतं वाढलेलं नाही म्हणून त्याचं टोक उघडं, भिंती कागदासारख्या पातळ, असल्या दातात नेहमीचं रूट कॅनल नीट बसत नाही म्हणे. आधी आतून धुऊन औषध भरलं, 3 आठवड्यांनी परत बोलावून मुळाच्या टोकाकडून मुद्दाम थोडं रक्त आत येऊ दिलं, त्याची गुठळी झाली की वर एमटीए म्हणून दातात भरायचं सिमेंट लावून बंद केलं. त्या गुठळीच्या आधाराने मूळ वाढू शकतं, पण गॅरंटी नाही, दात थोडा काळपट पडू शकतो, हे मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं ते मला फार आवडलं. वर्षाने एक्स-रेत भिंत जाड दिसली, मी तिथंच रडले ओ. वेटिंग मात्र दीड तास, आणि फेऱ्या भरपूर, अजून दर 6 महिन्यांनी जातोय.