बुडा की पेस्ट? क्रूझच्या आधी बुडापेस्टमधे एकच दिवस असेल तर

डॅन्यूबची क्रूझ बुडापेस्टहून सुरू होणार, तुम्ही एक दिवस आधी पोचताय, तर पहिला प्रश्न हाच की नदीच्या कुठल्या बाजूला फिरायचं. मुळात ही वेगवेगळी गावं, १८७३ मधे बुडा, ओबुडा आणि पेस्ट मिळून एक शहर झालं. पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो, दोन्ही बाजू एका दिवसात कोंबल्या आणि रात्री आईचे गुडघे इतके दुखत होते की ती जहाजावर जेवायलासुद्धा आली नाही, म्हणून मनापासून सांगते, एकच बाजू निवडा.

बुडा म्हणजे किल्ल्याची टेकडी. राजवाडा, मथियास चर्च, आणि सात मनोऱ्यांचा फिशरमन्स बास्टियन, हे सात मनोरे म्हणजे इथे आलेल्या सात मग्यार (हंगेरियन लोकांचे पूर्वज) टोळ्या. तिथून खाली नदी आणि समोर पार्लमेंट दिसतं ना, तो देखावा पेस्टमधे कुठेच नाही. पण सकाळी आठच्या आत जा, नंतर टूरच्या बस येतात आणि कठड्याशी उभं राहायलाही जागा मिळत नाही. वर जायला १८७० सालची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची छोटी रेल्वे) आहे, छान आहे पण तिकीट वेगळं आणि रांग मोठी, त्यापेक्षा देआक चौकातून १६ नंबरची बस पकडा, ती साध्या डे पासवर चालते. वर सगळीकडे दगडी फरसबंदी आणि चढउतार, गुडघ्याचा त्रास असेल तर हे फोटोत दिसत नाही, चालताना कळतं.

पेस्टमधे चढ नाही हाच मोठा फायदा. २ नंबरची ट्राम नदीकाठाने जाते, नुसतं खिडकीत बसलात तरी पार्लमेंट, चेन ब्रिज, समोरचा किल्ला सगळं दिसतं, आईबाबांसोबत असाल तर यासारखं दुसरं काही नाही. पार्लमेंट आतून बघायचं तर तिकीट घरूनच ऑनलाइन काढा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. त्याचा घुमट ९६ मीटर आणि सेंट स्टीफन्स बॅसिलिकाही ९६ मीटर, मग्यार लोक ८९६ साली इथे आले असं मानतात त्याची ती खूण.

पार्लमेंटपासून थोडं दक्षिणेला, अगदी पाण्याच्या कडेला लोखंडी बुटांचे साठ जोड मांडलेत. १९४४-४५ मधे अ‍ॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत पडू दिली. त्यात लहान मुलांचे बूट पण आहेत, बाबा तिथे बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नदीवरून प्रवास करताना मला ते बूट आठवत राहिले. दिवसभरात एकच गोष्ट बघायची म्हटली तर मी हीच सांगेन.

खाणं पण पेस्टमधेच सोपं. फोव्हाम चौकातल्या १८९७ च्या मोठ्या मंडईत वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो, तळलेल्या पिठावर सावर क्रीम आणि चीज, शाकाहारी लोकांचं पोट भरतं (रविवारी जाणार असाल तर मंडई उघडी आहे का ते आधी बघा). इथे युरो नाही, फोरिंट चालतात.

आता वेळेचं गणित. बहुतेक जहाजं पेस्टच्या काठाला लागतात पण सगळी नाही, धक्क्याचा नंबर आदल्या दिवशी कंपनीकडून पक्का करून घ्या. बॅगा सकाळीच जहाजावर घेतात का तेही विचारा, घेत असतील तर अर्धी काळजी मिटली. बोर्डिंग दुपारचं असेल तर पेस्टच, कारण तिथून धक्का जवळ. पाय धडधाकट आणि संध्याकाळपर्यंत वेळ असेल तर माझं मत बुडाला, कारण जहाज पेस्टच्या बाजूला असलं तर नदीकाठाचा तो भाग संध्याकाळी जेवणाआधी एक चक्कर मारून होतो, टेकडी मात्र तशी होत नाही.

आणि जहाज व्हिएन्नाच्या दिशेला जाणार असेल तर ते उत्तरेला, म्हणजे पार्लमेंटसमोरूनच जातं, रात्री निघत असेल तर स्वेटर घालून आधीच डेकवर जाऊन बसा, पाण्यावर वारा खूप गार असतो.