इंदुरातलं एक खाजगी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग): सिस्टरांना पैकीच्या पैकी, रात्रपाळीला नाही

व्हेंटिलेटर, वॉर्मर, मॉनिटर ही यंत्रं आता शहरातल्या बहुतेक मोठ्या दवाखान्यांत दिसतात. कमी दिवसांचं बाळ तगतं ते सिस्टरांच्या हातावर, म्हणून इथे लिहितोय ते त्याबद्दलच.

बबल सीपॅपची, म्हणजे बाळाच्या नाकावाटे हलक्या दाबाने हवा देणाऱ्या आणि दुसरं टोक पाण्यात बुडबुडणाऱ्या यंत्राची, काळजी उत्तम. प्रॉन्ग (नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या) आणि नाकाचा पडदा यांत दोनेक मिलिमीटर फट राखतात, नळ्या धरून ठेवणारी टोपी सैल करून त्वचा वरचेवर बघतात. ही फट बुजली की पडदा आधी लाल होतो, मग पांढरा पडतो आणि मग जखम. बुडबुडे थांबले तर पहिली नजर बाळाकडे, मग प्रॉन्ग निसटलाय का, तोंडावाटे हवा जातेय का, हे पाहतात. दूधही घाईने ढकलत नाहीत. दुधाच्या ट्यूबवरची खूण जागेवर आहे ना हे बघून, दट्ट्या काढलेल्या सिरिंजमधून आपसूक उतरू देतात.

खटकतं ते रात्री. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९० ते ९५ टक्क्यांमध्ये राहायला हवं. वरची अलार्म मर्यादा ९५ ला ठेवली की मॉनिटर सारखा कोकलतो. मग कुणीतरी ती १०० वर नेतं आणि वॉर्डात शांतता. आकडा ९९ दिसला की आजी-आजोबा खूश! साध्या हवेवरच्या बाळाला ९९ चालतात. ऑक्सिजनवर असताना ९९ म्हणजे ऑक्सिजन जास्त होतोय, आणि त्याची किंमत डोळ्यांचा पडदा मोजतो. सकाळी मर्यादा पुन्हा जागेवर येते, म्हणजे नियम माहीत आहे, रात्री माणसं कमी पडतात.

कांगारू केअरला, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायला, संध्याकाळचा एकच तास, हे फारच तोकडं. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून दिवसाला ८ ते २४ तास सांगते. खुर्च्या दोनच, आणि आयांना बाहेर बाकड्यावर बसवतात. वजनाचा तक्ता मात्र रोज न विचारता दाखवतात.

डिस्चार्ज कार्डावर ‘नेत्रतपासणी करावी’ एवढंच लिहितात, तारीख नाही. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची आरओपी (कमी दिवसांच्या बाळांना होणारा डोळ्यांच्या पडद्याचा आजार) तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीचं किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बिल भरण्याआधी तारीख आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव कार्डावर लिहून घ्या.