‘अँडोर’ संपवून परत ‘रोग वन’ बघितला, आता हा सिनेमा कॅसियनचा झालाय

‘रोग वन’ हा स्टार वॉर्सच्या जगातला सिनेमा आणि ‘अँडोर’ ही त्याच्या आधीची गोष्ट सांगणारी सिरीज. स्पॉयलर भरपूर आहेत, त्यामुळे दोन्हीपैकी काही बघायचं राहिलं असेल तर आधी ते उरका. दोन्ही जिओहॉटस्टारवर आहेत.

२०१६ ला आला तेव्हा ‘रोग वन’ जिन अर्सोचा सिनेमा होता. आई डोळ्यांदेखत मारलेली, बापाला एम्पायरने, म्हणजे जुलमी साम्राज्याने, उचलून नेलेलं, आणि त्याच बापाच्या हातून बनलेल्या डेथ स्टार ह्या महाभयंकर शस्त्राचे प्लॅन पळवायला ही पोरगी निघते. सोबत बंडखोरांचा कॅसियन अँडोर नावाचा गप्प गप्प हेर, ज्याच्यापेक्षा त्याचा उंच काळा ड्रॉइड (रोबो) के-टू जास्त लक्षात राहायचा. मग २०२२ आणि २०२५ मध्ये त्या हेराच्या आधीच्या पाच वर्षांवर दोन सीझन आले, एकूण २४ एपिसोड. करणारा टोनी गिलरॉय, म्हणजे सिनेमाच्या रीशूटच्या वेळी ज्याला बोलावलं होतं आणि पटकथेत ज्याचं नाव आहे तोच. त्याने शेवट असा जोडलाय की शेवटच्या एपिसोडला कॅसियन यानात बसून ज्या खबऱ्याला भेटायला निघतो, तीच भेट सिनेमातली त्याची एन्ट्री आहे.

आणि ती एन्ट्री आता बघवत नाही खरं तर. काफ्रीन नावाच्या ठाण्यातली ती चिंचोळी गल्ली, खबऱ्याचा हात जायबंदी, सैनिक जवळ आलेत, वर चढून पळणं त्याला जमणार नाही आणि पकडला गेला तर सगळं ओकणार. कॅसियन त्याला शांत हो शांत हो म्हणतो आणि पाठीत गोळी घालतो. तेव्हा मला वाटलेलं की ओके, हिरो जरा डार्क आहे, एवढंच. पण सिरीजमध्ये ल्युथनने, म्हणजे कॅसियनला लढ्यात ओढणाऱ्या म्होरक्याने, नेमकं हेच केलंय, त्याचा हेर लॉनी बिचारा वर्षानुवर्षं शत्रूच्या ऑफिसात बसून बातम्या पुरवतो, ह्याच डेथ स्टारची खबर आणून देतो, बायकोपोरीला सुखरूप बाहेर काढा म्हणतो, आणि ल्युथन त्याला तिथेच बाकावर संपवतो. एकाच शस्त्राची बातमी आणणारे दोघेही आपल्याच माणसाच्या हातून गेले. ह्यावेळी मी खबऱ्याकडे बघतच नव्हते, गोळी घातल्यावर कॅसियनचा चेहरा क्षणभर तसाच राहतो ना, तो बघत होते. कॅसियन झालेल्या डिएगो लुनाने हे २०१६ च्या रीशूटमध्ये शूट केलंय, सिरीजचा पत्ताही नसताना, आणि तरी त्या चेहऱ्यात सगळं आहे.

ईडू ह्या ग्रहावरचा पावसातला सीन पण तसाच. जिनच्या बापाला मारायची ऑर्डर, दुर्बिणीत माणूस बरोबर मध्यभागी, आणि हा चाप ओढत नाही. पहिल्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये गयावया करणाऱ्या पहारेकऱ्याला ह्यानेच समोरून गोळी घातली होती हे माहीत असलं की त्या न ओढलेल्या चापाचं वजन कळतं. त्यानंतर यानात जिनशी भांडण होतं, तेव्हा आधी मी पूर्ण जिनच्या बाजूने होते, आता नाही राहू शकले.

छोट्या छोट्या जागा तर विचारूच नका. जिनला लेबर कॅम्पमधून सोडवायला आलेला मेल्शी, जो आधी नुसता एक सैनिक होता, तो नार्किनाच्या जेलमधून कॅसियनबरोबर पळालेला मेल्शी आहे! म्हणजे कैद्याला सोडवायला कैदीच आलाय, आणि स्कारिफवर, प्लॅन पळवायच्या शेवटच्या लढाईत, तो पडतो तेव्हा मला पॉज करावं लागलं. जेडा ग्रहावर कॅसियन जिनला सांगतो की बंड आशेवर उभं राहतं, ते वाक्य त्याला सिरीजमध्ये घोर्मन ग्रहावरच्या हॉटेलातल्या एका साध्या पोऱ्याने दिलंय. आणि के-टू, ज्याच्या बोलण्यावर आपण हसत असतो, तो घोर्मनच्या कत्तलीत माणसं उचलून आपटणाऱ्या ड्रॉइडांपैकीच एक होता, तो शेवटी दार अडवून उभा राहतो तेव्हा ह्यावेळी हसू आधीच गेलेलं होतं.

सिनेमाच्या शेवटचा, एम्पायरच्या डार्थ व्हेडरचा कॉरिडॉर. थिएटरमध्ये ह्यावर शिट्ट्या पडल्या होत्या, मीही ओरडले होते. आता नजर लाल तलवारीवर जातच नाही, अडकलेल्या दरवाजाच्या फटीतून प्लॅन पलीकडच्या हातात सरकवणाऱ्या त्या माणसावर जाते, ज्याचं नाव आपल्याला कुणी सांगत नाही.

नुकसानही झालंय, ते सांगायलाच हवं. जिन आता अर्धवट वाटते, तिच्या बालपणानंतर एकदम उडी आहे आणि कॅसियनच्या २४ एपिसोडपुढे ती उडी फार मोठी दिसते. जिन झालेल्या फेलिसिटी जोन्सची ह्यात काही चूक नाही. याविनवरची, बंडखोरांच्या तळावरची मीटिंग घाईघाईत उरकलीये, बंडाची नेता मॉन मॉथमाने सिरीजमध्ये सेनेटमध्ये काय पणाला लावलं हे बघितल्यावर तिला इथे एवढंच काम दिलंय ह्याचं वाईट वाटतं, आणि तिला तिथून बाहेर काढणाऱ्या कॅसियनशी ती जेमतेम ओळख असल्यासारखी वागते. तिचा साथीदार बेल ऑर्गना सिरीजमध्ये बेंजामिन ब्रॅट आणि इथे जिमी स्मिट्स, तिथे पण एक झटका बसतो. कॅसियन म्हणतो मी सहा वर्षांचा असल्यापासून ह्या लढ्यात आहे, ते सिरीजशी नीट बसत नाही. आणि एम्पायरचा अधिकारी टार्किन, त्याचा कॉम्प्युटरवर केलेला चेहरा तेव्हाही खटकला होता, आताही खटकला.

स्कारिफचा किनारा मालदीवमध्ये शूट झालाय, इतक्या सुंदर जागी जिन आणि कॅसियन एकमेकांना धरून बसतात आणि समोरून डेथ स्टारच्या स्फोटाची ती लाट येते. सिरीजचा शेवटचा शॉट कॅसियनची प्रेयसी बिक्स, तिच्या हातातल्या बाळाचा आहे आणि कॅसियनला त्या बाळाचं माहीतच नाही. मी खूप रडले, जिनसाठी नाही, आणि असं होईल हे मला अजिबात वाटलं नव्हतं.

ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांनी सिरीजपासूनच सुरू करा. पहिले तीन एपिसोड संथ आहेत, सोडू नका, आणि शेवटचा एपिसोड सुट्टीच्या आदल्या रात्री ठेवा म्हणजे लगेच सिनेमा लावता येईल. मध्ये आठवडा गेला तर काफ्रीनच्या गल्लीतली मजा निम्मी होते.